साडेतेरा लिटर

इंजिनाच्या तापमानाचा काटा मधल्या रेघेच्या पुढे गेलेला मला दिसला होता. तरी पुढची दोन वळणं मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. चढ लांबलचक होता, मागे गाड्यांची रांग होती आणि शेजारच्या सीटवर हे बसले होते, दोन वर्षांत पहिल्यांदा दवाखान्याखेरीज दुसरीकडे कुठे निघालेले, काच खाली करून तोंडावर वारा घेत. मग काटा लाल पट्ट्यात शिरला आणि यांचा डावा हात माझ्यासमोरून सपकन येऊन हीटरच्या बटणावर आदळला. भर उन्हात केबिनमध्ये भट्टी पेटली. इंजिनाची उष्णता आपल्या अंगावर ओढून घेतली की इंजिन वाचतं, हे त्यांनीच मला फार पूर्वी शिकवलं होतं. पण त्या क्षणी मी ते साफ विसरले होते आणि ज्यांना धड ‘पाणी’ म्हणता येत नाही ते विसरले नव्हते. मी गाडी कडेला घेतली. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती, आम्ही दोघं घामाने निथळत होतो, आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. त्या हाताने दोन वर्षांत कुणी न सांगता केलेलं ते पहिलं काम होतं.

मुलाला अर्थातच आनंद झाला नाही. तो ओढगाडी घेऊन आला, बापाला आपल्या गाडीत बसवलं, पट्टा लावला आणि मग माझ्याकडे वळला. “आई, हा आता निव्वळ हट्ट झालाय. बाबांना काही झालं असतं म्हणजे?”

“बाबांनीच तर हीटर लावला,” मी म्हटलं.

“मी पुढच्या रविवारी येतो. किल्ल्या दे मला. विकून टाकू या.”

“रविवारी ये. हाच चढ चढू. काटा मधल्या रेघेवरून हलला तर किल्ल्या तुझ्या.”

“आणि नाही हलला तर?”

“तर सोमवारी सकाळी आम्ही दोघं समुद्रावर.”

त्याच्या चेहऱ्यावर, आई म्हातारी झाली आणि तिला ते कळत नाही, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. मी एकसष्ट वर्षांची आहे. मला सगळं कळतं.

गाडीला आम्ही थोरली म्हणतो. बारा वर्षांपूर्वी हे ती जुनी मोटारहोम घेऊन दारात आले, पलंग, ओटा, बेसिन, सगळा संसार पोटात घेतलेली, आणि तिच्या बॉनेटवर हात फिरवत असे उभे राहिले की मी म्हटलं, ही तुमची थोरली, मी आपली धाकटी. तेव्हापासून तेच चाललं. थोरलीला सर्दी झालीय, थोरलीचे पाय बदलायला हवेत. धाकटीची सर्दी आपोआप बरी होत असे. यांचं सगळं आयुष्य कारखान्यात मापं तपासण्यात गेलं. केसभर फरक असला तरी माल परत, मग समोर कुणीही असो. घरीसुद्धा चित्राची चौकट तिरकी असली तर यांना जेवण जात नसे. “माझं चुकलं” हे शब्द मी त्यांच्या तोंडून पस्तीस वर्षांत ऐकले नाहीत, आणि वैताग असा की बहुतेक वेळा त्यांचं चुकलेलं नसायचंच. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करताना उजवा हात खाली पडला आणि वाचा गेली. आता चार शब्द उरलेत. हो, नाही, बरं आणि अगं. या चारांत किती संसार होतो हे कळायला तशी वेळ यावी लागते. पण गेल्या काही महिन्यांत ‘नाही’सुद्धा कमी झालं होतं. जे पुढे केलं त्याला ‘बरं’. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कशालाही नुसतं बरं म्हटलं नाही, त्याचं ते ‘बरं’ मला घरात एकटीला ऐकवेना, म्हणून मी थोरलीवरची ताडपत्री काढली होती.

ती का तापली ते मला शोधावं लागलंच नाही. इंजिनाभोवती फिरणारं पाणी, म्हणजे ते हिरवं कूलंट, दर दोन वर्षांनी बदलायचं असतं आणि आता तीन वर्षं झाली होती. शिवाय रेडिएटरच्या वरच्या नळीच्या क्लिपपाशी हिरवट खपली धरलेली होती; थेंबाथेंबाने दोनेक लिटर तिथूनच गेलं असणार. मी क्लिप बदलली. आता जुनं पाणी काढायचं, साध्या शुद्ध पाण्याने आतून धुवायचं आणि नवीन भरायचं, एवढंच. बाई माणूस इंजिनात हात घालते म्हणून शेजारचे दोघंतिघं कुंपणावरून बघत होते. बघेनात. मी तीस वर्षं डायलिसिसच्या खोलीत काढली आहेत. नळ्या धुणं, त्यांतली हवा काढणं आणि जेवढं आत गेलं तेवढं बाहेर आलं का हे डोळ्यांत तेल घालून बघणं, याचाच मला पगार मिळत होता. तिथे तर नळीच्या दुसऱ्या टोकाला माणूस असायचा. हवेचा एक बुडबुडा म्हणजे काय, हे मला कुणी लोखंडाच्या ठोकळ्यासमोर उभं करून शिकवायला नको.

रविवारी सकाळी इंजिन रात्रभर गार झालेलं होतं. यांना घडीच्या खुर्चीवर बॉनेटसमोर बसवलं, मांडीवर टॉवेल, पायात सपाता. गाडी आवारातल्या उतारावर नाक खाली करून उभी केली होती, कारण पाणी काढताना नाक खाली आणि भरताना नाक वर हा त्यांचाच नियम. मुलाला लहानपणी अंघोळ घालायचा निळा टब रेडिएटरखाली सरकवला. बारा वर्षं तो याच कामाला आहे, आणि मुलगा आला की दरवेळी त्याकडे पाठ करून उभा राहतो. मग त्यांची वही उघडली. माझ्या कामाचं पुस्तक तेच. थोरलीच्या दुखण्याखुपण्याची वही, बारीक सरळ अक्षर, पाचही वेळा पाणी बदलल्याच्या नोंदी. निघालं साडेनऊ लिटर. घातलं साडेनऊ. गाडीबरोबर आलेल्या कंपनीच्या पुस्तकात साडेतेरा. पहिल्या नोंदीपुढे एक प्रश्नचिन्ह. दुसरीपुढे, कंपनीला पत्र टाकलं. त्याखाली, कंपनीचं उत्तर, पुस्तक बरोबर आहे. हे मला ठाऊक होतं. ते पत्र यांनी मित्रांना वाचून दाखवलं होतं आणि छापणाऱ्यांना साडेनऊ आणि साडेतेरातला फरक कळत नाही म्हणून सगळे पोट धरून हसले होते. तिसरी नोंद मात्र मी कधी पाहिली नव्हती. वही त्यांची, ती उघडायची वेळच माझ्यावर आली नव्हती. तिसऱ्या नोंदीखाली पेन्सिलीने, इतर अक्षरांहून लहान, लिहिलं होतं, ‘माझं कुठे चुकतंय?’ चौथ्याखाली तेच. पाचव्याखालीही तेच.

मी वही मिटली आणि गाडीखाली शिरले. रेडिएटरच्या बुडाचा कॉक सोडला, वरचं झाकण उघडलं, धार लागली. हिरवं कसलं, गढूळ चहासारखं होतं ते. त्याला एक गोडसर वास असतो, मांजरं त्याला भुलतात आणि जिवाला मुकतात, म्हणून एक डोळा टबावर ठेवावा लागतो. धारेकडे बघत मी उताणी पडून राहिले आणि मला पलंगाखालचा तो लाल कॉक दिसायला लागला. पहिलीच सहल. मी एकोणपन्नास वर्षांची, अंगाची लाही लाही होण्याचे माझे ते दिवस. भर थंडीत मी पांघरूण लाथेने उडवत असे. थोरलीच्या मागच्या भागात पलंगापाशी आणखी एक हीटर आहे, तो किती सुरेख चालतो हे यांनी मला दहा वेळा सांगितलं होतं. आम्ही नुकतेच मुक्कामाला थांबलो होतो आणि तो अजून माझ्या पायांवर गरम फुंकत होता. हे पुढच्या फळीवर झोपून घोरत होते. यांना उठवलं असतं तर आधी व्याख्यान झालं असतं, मग सकाळी हत्यारांची पेटी निघाली असती. मी गादी उचलली, माझ्या कपड्यांच्या खोक्यामागे हात घातला, तिथे एक लाल मूठ लागली, ती फिरवून बंद केली आणि ढाराढूर झोपले. तो कॉक आधीच्या मालकाने बसवून घेतलेला, पुस्तकात त्याचा पत्ता नव्हता, आणि माझ्या कपड्यांच्या खोक्यामागे हात घालणाऱ्यांतले हे नव्हते. पुढे कधी म्हणाले, मागचा हीटर फारच मंद झालाय, तर मी म्हणत असे, मला पुरतो.

इथवर गुन्हा नव्हता. त्या हीटरमध्ये इंजिनाचंच पाणी फिरतं हे मला कुठे माहीत होतं? ते कळलं दुसऱ्या वेळी पाणी बदलताना. मी टॉर्च धरून उभी होते आणि हे स्वतःशीच बोलत होते, “इंजिनात एवढं, रेडिएटरमध्ये एवढं, मागच्या हीटरला चार...” आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सांगायला तोंड उघडलंही होतं. पण कंपनीला पत्र टाकायचं यांनी ठरवलं होतं, मित्रांपुढे पैज लागल्यासारखं झालं होतं, आणि एकदा तरी यांचं माप चुकतंय याची मला, काय सांगू, गंमत वाटत होती. माझ्या खोलीत चार मिलिलिटरचा मेळ लागला नाही तर मी हाताखालच्या पोरींना उभं आडवं झाडायची. इथे चार लिटरवर नऊ वर्षं मूग गिळून बसले. मला वाटत होतं हे पुस्तकावर खापर फोडून मोकळे झाले आहेत. पेन्सिलीची ती ओळ मला माहीत नव्हती. कारखान्यातल्या कुणापुढे नाही, माझ्यापुढे नाही, या माणसाने फक्त वहीपुढे मान खाली घातली होती.

जुनं पाणी साडेसात लिटर निघालं. गळून गेलेलं दोन धरलं तर साडेनऊ. मी मोठ्याने आकडा सांगितला. “बरं,” हे म्हणाले. शुद्ध पाण्याचे पाच पाच लिटरचे कॅन आणले होते. दोन कॅन फोडले, अर्धा लिटर उरवून भरलं, हीटर पूर्ण सोडला, इंजिन चालू केलं आणि वरच्या नळीवर हात ठेवून उभी राहिले. आधी ती गार असते, बराच वेळ गारच. मग आतली झडप उघडते आणि एकाएकी नळी हाताखाली गरम होऊन जिवंत होते. मला हा क्षण आवडतो. रुग्णाचे गार हात यंत्रावर चौथ्या तासाला असेच ऊब धरायचे. इंजिन बंद केलं, गार व्हायला दीड तास दिला, तेवढ्यात यांना जेवायला घातलं, पाणी काढलं. फिकट चहा. पुन्हा भरलं, पुन्हा तापवलं, पुन्हा काढलं. या खेपेला टबाचा निळा तळ दिसला. स्वच्छ. साडेनऊ.

दोन वाजले होते. मुलगा पाचला येणार होता. आता नवीन कूलंट भरलं असतं तरी काटा जागचा हलला नसता, याची मला खात्री होती आणि आजही आहे. गाडी बारा वर्षं तशीच धावली. लाल मुठीचं मला कुणी विचारणार नव्हतं. ज्यांनी विचारावं त्यांच्याजवळ विचारायला शब्द नव्हते. हेच मला टोचलं. ज्याला उलट बोलता येतं त्याच्याशी लबाडी करण्यात निदान बरोबरी असते. मी टबाशेजारी उकिडवी बसले होते आणि हे माझ्याकडे नव्हे, टबातल्या पाण्याकडे बघत होते. टबाच्या आत साडेनऊच्या जागी त्यांनी कधीकाळी केलेली रेघ होती. त्यांच्या ओठांची हालचाल चालली होती. पाचदा जी वजाबाकी करून झाली ती हा माणूस सहाव्यांदा करत होता, आणि तिच्याही खाली ती पेन्सिलीची ओळ येणार होती, लिहिता आली नाही तरी येणार होती.

मी उठले, आत गेले, गादी उभी केली, खोकं ओढून बाजूला टाकलं. मूठ फिरेना. पान्ह्यात फडकं गुंडाळून धरली, पाय रोवला, आणि ती करकरत फिरली. बाहेर येऊन तिसऱ्यांदा पाणी भरायला घेतलं. पहिला कॅन, मग अर्धा लिटर उरवून दुसरा. इंजिन चालू केलं तशी रेडिएटरच्या तोंडाशी आलेली पातळी गटकन खाली गेली, मागच्या नळ्यांतून पोटातल्यासारखा गुरगुराट झाला. मी तिसरा कॅन फोडला.

“अगं,” हे म्हणाले.

मी ओतत राहिले. एक लिटर, दोन. त्यांनी डावा हात खुर्चीच्या दांडीवर रोवला आणि कमरेतून पुढे झुकले. तीन. साडेतीन. चार. तोंडाशी पाणी येऊन थांबलं. पुढचा दीड तास मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. हत्यारं पुसली, चहा केला, त्यांचा कप त्यांच्या हातात दिला, तो तसाच राहिला. मग कॉक सोडला आणि बारा वर्षांचा कोंडलेला मळ घेऊन पाणी आलं, आधी विटकरी, मग जवळजवळ काळं, गंजाच्या कपच्यांसकट. मी मापाचा जग भरून भरून मोजलं. साडेनऊला थांबले नाही. तेरा आणि वर अर्धा.

“साडेतेरा,” मी म्हटलं. “पुस्तक बरोबर होतं. तुमचंही बरोबर होतं. पलंगाखाली एक कॉक आहे, पुस्तकात नसलेला. तो मी बंद केला होता, पहिल्याच सहलीत, मला उकडत होतं म्हणून. आणि दुसऱ्या वेळी मला कळलं होतं. तरी मी बोलले नाही. नऊ वर्षं बोलले नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तीस वर्षं माणसांचे चेहरे वाचले आहेत, यंत्रावर आकडा यायच्या आत मला रुग्णाचं खालीवर झालेलं कळायचं. यांचा चेहरा वाचता आला नाही. मग ते म्हणाले, “नाही.” कितीतरी महिन्यांनी. आणि मान फिरवून त्यांनी कुंपणाकडे तोंड केलं.

काम थांबवून चालणार नव्हतं. आणखी एकदा धुतलं, भर उन्हात बॉनेट उघडं टाकून, नळ्यांवर बादल्या ओतून गार केलं. मग गाडी फिरवून नाक वर केलं. नवीन कूलंट निम्मं, पाणी निम्मं, हळूहळू, धार मोडू न देता. नळ्या दाबून दाबून हवा काढली. बुडबुडे येत राहिले, मोठे, मग बारीक, मग एकेक, मग नाहीत. माझे हात एकदाही अडखळले नाहीत. त्याचाच मला राग येत होता. सगळं इतकं नीट चाललं होतं आणि खुर्चीवरची ती मान वळत नव्हती.

पाचच्या ठोक्याला मुलगा आला. टबाकडे पाठ करून उभा राहिला. “बाबा, चला, बसू या गाडीत.”

“नाही,” हे म्हणाले.

“काय झालं यांना?”

“माझ्यावर रागावलेत,” मी म्हटलं. “तू बस.”

मुलगा बापाच्या जागी बसला. मी निघताना यांच्या मांडीवर वही ठेवली, उघडी, पेन्सिलीसकट. काय म्हणून ठेवली ते सांगता येणार नाही. दिवसभर माझ्याकडे राहिली होती, ज्याची त्याला दिली. चढ तोच, वळणं तीच. मुलगा काट्याकडे टक लावून बसला होता, मी रस्त्याकडे. काटा हळूहळू उठला, मधल्या रेघेवर आला आणि खिळा ठोकल्यासारखा उभा राहिला. माथ्यावर गाडी वळवताना मुलगा म्हणाला, “मागे गरम हवा येतेय, आई. हीटर चालतो हा?”

“चालतो.”

“इतकी वर्षं बंदच वाटायचा.” मग पुन्हा एकदा काट्याकडे बघून, “ठीक आहे. पण दर दोन तासांनी फोन करायचा.” जिंकले होते. उतारावर मी मोकळ्या हाताने गिअर टाकत होते आणि मनात एवढंच होतं की मी एकटीने समुद्रावर जाऊन काय करू. थोरली काही माझ्यासाठी सुरू केली नव्हती.

आवारात शिरले तेव्हा खुर्ची होती तिथेच होती, मात्र यांचं तोंड कुंपणाकडे नव्हतं. वही यांच्या मांडीवर पालथी. मी जवळ गेले तशी त्यांनी ती डाव्या हाताने माझ्यापुढे धरली. शेवटच्या पानावर सहावी नोंद होती, मुलाच्या बालवाडीतल्या अक्षरासारखी, ओळ सोडून खाली घसरलेली. ‘साडेतेरा.’ बाकी काही नाही. दोन वर्षांत त्यांनी लिहिलेलं पहिलं. मी मागे पान उलटलं. ‘माझं कुठे चुकतंय?’ या तिसऱ्या नोंदीच्या प्रश्नातला ‘माझं’ खोडलेला होता, चांगला कागद फाटेपर्यंत, आणि वर वेडंवाकडं लिहिलं होतं, ‘धाकटीचं.’ चौथ्या नोंदीतही तसंच. पाचव्यातही. केसभर फरक असला तरी माल परत करणारा माणूस. तीनही ठिकाणची दुरुस्ती केल्याशिवाय तो उठला नसता.

मला हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग रडूही, आणि मुलगा गाडीतून उतरत विचारत होता, काय झालं, काय लिहिलंय. यांच्या पायांकडे माझं लक्ष गेलं होतं. सपाता काढून खुर्चीखाली सारलेल्या होत्या. दाराशी ठेवलेले बूट त्यांनी कसे ओढून आणले असतील देव जाणे. डाव्या पायात डावा बूट होता, एका हाताने कशीबशी नाडी कोंबलेला. उजवा बूट त्यांनी पायासमोर नीट सरळ मांडून माझ्यासाठी ठेवला होता.